मास्तरांचा अडकित्ता

सुपारी जन्मात कधी तोंडात न टाकलेला माणूस रोज संध्याकाळी मांडी घालून सुपारी कातरत बसायचा, असं मी सांगते तेव्हा कोणाला खरं वाटत नाही. आमचे गाण्याचे मास्तर मात्र बसायचे. समोर पितळी तबक, तबकात अख्ख्या सुपाऱ्या, हातात काळा पडलेला जुना अडकित्ता. आपण डोळे मिटून जीव तोडून गातोय आणि समोरून कट्, कट्, कट्. कातरलेली सुपारी मास्तरांच्या पत्नी, आमच्या काकू, डब्यात भरून ठेवायच्या. आकुर्डीत त्या बाजूला कोणाकडे लग्न निघो, नाहीतर सत्यनारायण, सुपारी म्हणून विकत आणावी लागायची नाही.

एकदा मी न राहवून विचारलं, "मास्तर, तुम्ही खात तर नाही. मग कातरता कशाला?"

"बाई," मास्तर म्हणाले, "हात रिकामा ऱ्हायला की माज्या तोंडातनं वाईट शबुद जातो. बायामानसं शिकाया येत्यात. त्यापरीस हात चालल्याला बरा."

मी शाळेत शिकवायची म्हणून मला ते बाई म्हणायचे. मास्तर मूळचे चऱ्होलीचे, घरची शेती भावांच्या हवाली करून इंजिनांच्या कारखान्यात स्टोअरला लागलेले. बोलणं गावाकडचं ते गावाकडचंच राहिलं. शिकवणीलासुद्धा कंपनीचा खाकी शर्ट आणि डोक्यावर पांढरी टोपी. बसायला स्टोअरमधून आणलेला लाकडी खोका, त्यावर घोंगडी. आम्ही मात्र सतरंजीवर.

तर हा अडकित्ता. जुने शिष्य मला पहिल्याच आठवड्यात कानात सांगून गेले होते की मास्तर कधी वा म्हणत नाहीत, मान डोलवत नाहीत, काही नाही. गाणं पसंत पडलं की अडकित्ता थांबतो. बस्स. थांबला म्हणजे वाईट शब्द मनात आलाच नाही, हात रिकामा राहिला तरी चालतंय. लेथवर काम करणारा एक शिष्य होता, त्याच्यासाठी म्हणे एकदा थांबला होता आणि त्याने त्या आनंदात सगळ्यांना भजी खाऊ घातली होती.

झालं. त्या दिवसापासून मला गाणं यायला हवं होतं ते बाजूला राहिलं. मला तो अडकित्ता थांबायला हवा होता.

मी तेव्हा अडतिसाव्या वर्षात होते. माहेरी गाणं शिकू दिलं नाही, सासरी तर प्रश्नच नव्हता. सासूबाई गेल्या, मुलं आपापलं वेणीफणीचं करायला लागली, तेव्हा कुठे मी धीर केला. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, स्कूटरच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. त्यांनी नाही म्हटलं नाही. "शिक की," म्हणाले, आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. घरात सगळं सगळ्यांचं असतं हो. डबे सगळ्यांचे, पैसे सगळ्यांचे, माझं डोकं दुखलं तरी तेही सगळ्यांचं. ही एक संध्याकाळची वेळ फक्त माझी होती, आणि मी तिला फार जपत होते.

मास्तरांच्या शिकवणीची सुरुवात भोंग्याने व्हायची. खरंच सांगते. त्यांच्या दोन खोल्यांसमोर रस्ता, रस्त्यापलीकडे त्यांचाच कारखाना, पण मास्तर सकाळच्या शिफ्टचे, दुपारीच घरी. साडेपाचचा भोंगा व्हायच्या आधी आम्ही सगळे सतरंजीवर हजर, मास्तर तंबोरा मांडीवर घेऊन कान टवकारून बसलेले. भोंगा खालून चढत चढत यायचा, वर जाऊन स्थिर व्हायचा, आणि तो स्थिर झाला की मास्तर खुंट्या पिळून त्या आवाजाला तारा मिळवायचे. भोंगा उतरायला लागेपर्यंत तंबोरा लागलेला. तोच आमचा सा. पेटीवर पाहिलं तर काळी दोनच्या आसपास कुठेतरी. पुरुषांना बरा. आम्हा बायकांना कसला झेपतोय! खालचा धरला तर आवाज विहिरीत, वरचा धरला तर कौलांवर.

मी म्हटलं, "मास्तर, बायकांचा सा वेगळा असतो."

"आसंल."

"मग आमच्यासाठी तंबोरा वेगळा लावा ना."

"बाई, समदं गाव त्या भोंग्यावर उठतंय, त्या भोंग्यावर जेवतंय, त्याच्यावरच घरी जातंय. गावाचा सा एकच. बायांसाठी निराळा भोंगा हाय का?"

कपाळ माझं! विहिरीतून गात राहिले. कट्, कट्, कट्. घाई केली की मास्तर म्हणायचे, "घाई कंपनीत करा." वेळ संपल्यावर आणखी थोडं बसू का विचारलं की म्हणायचे, "इथं ओव्हरटाइम न्हाई." कोणी गाण्याआधी खाकरलं तर चिडायचे, "गळ्याला कशापायी भेव घालता?" ह्या सगळ्याला मी सरावले. अडकित्त्याला नाही सरावले. दीड वर्ष झालं, एक दिवस थांबेल या आशेवर मी त्या चाळीच्या पायऱ्या चढत होते.

आणि मग आमच्या ह्यांना डास चावले.

ह्यांना सकाळची शिफ्ट असायची. दुपारी घरी येऊन, एक झोप काढून, मला स्कूटरवर सोडायला यायचे आणि शिकवणी संपेपर्यंत बाहेर ओट्यावर पेपर वाचत बसायचे. त्यांचा गाण्याशी संबंध एवढाच. लग्नानंतर इतक्या वर्षांत ह्या माणसाने कधी रेडिओचं बटणसुद्धा स्वतःहून फिरवलं नव्हतं. त्या दिवशी ओट्यावर डास फार झाले. आतून मास्तरांना चापट्यांचा आवाज ऐकू आला.

"सायेब, डासांस्नी रगत कशाला पाजताय? आत या."

हे आत आले, भिंतीशी बसले. नेमका तंबोरा धरणारा शिष्य दुसऱ्या शिफ्टला गेलेला. मास्तरांनी तंबोरा ह्यांच्या मांडीवर ठेवला आणि बोटं कशी फिरवायची ते दाखवलं. ह्यांनी फिरवली. एकसारखी, शांत, जशी काय कोणी मशीन सेट करून दिली आहे. मला जरा कौतुकच वाटलं. मूर्ख मी.

थोड्या वेळाने मास्तर म्हणाले, "नुसता धरून काय बसलाय, राव? सा लावा की."

"छे, छे, मला काय येतंय," हे म्हणाले, आणि लावला.

काय सांगू. सपक, सरळ, पाण्याचा तांब्या ठेवावा तसा तो सा त्यांनी सतरंजीवर ठेवला. काही केलं नाही हो त्याचं, नुसता ठेवला. आणि खोलीत कसला तरी आवाज बंद झाला. काय बंद झालं म्हणून मी डोळे उघडले. मास्तरांचा हात हवेत. अडकित्त्याच्या दोन पात्यांमध्ये सुपारी, अख्खी.

मला आजही ती सुपारी दिसते.

घरी येताना स्कूटरवर मी ह्यांच्या खांद्याला धरलं नाही, मागची स्टेपनी धरून बसले. आमटीत मीठ घालायला विसरले, असं मी त्यांना जेवताना सांगितलं. ते "असू दे" म्हणून वरून मीठ घेऊन जेवले. त्या माणसाशी भांडायचीसुद्धा सोय नाही.

पुढच्या आठवड्यापासून ते ओट्यावर बसेनात. आतच. मास्तरांनी त्यांना शिष्य करून टाकलं, आणि त्यांना ते झालंय हेही कळलं नाही. दाढी करताना गुणगुणायला लागले. मी शाळेच्या वह्या तपासतेय आणि न्हाणीघरातून भूप. तोही बरोबर. शेजारच्या वहिनी मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "साहेब काय गोड गातात हो! तुम्हीपण जाता ना त्यांच्याबरोबर?"

त्यांच्याबरोबर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "हो, मी सोबतीला जाते." आणि घरात येऊन दार आपटलं.

माझं चुकत होतं का? मला अजून वाटत नाही. भाजी निवडताना, इस्त्री करताना, बसमध्ये उभं राहून मी पलटे घोकलेले. ह्यांनी काय केलं होतं? पेपर वाचला होता. त्यांना काहीही मिळालं असतं तरी मी हरखले असते. प्रमोशन मिळालं तेव्हा मी पेढे वाटले होते. पण हेच का? माझ्या एवढ्याशा जागेत येऊन बसायची काय गरज होती? एकदा मी म्हटलंही, "तुम्हाला कंटाळा येत असेल ना तिथे? उद्यापासून मी बसने जाईन." तर म्हणाले, "नाही गं, छान वेळ जातो." वेळ जातो!

मग देव माझ्या बाजूने उभा राहिला, असं मला वाटलं. कारखान्याचा भोंगा बदलला.

जुना बिघडला होता, नवीन बसवला. आम्हाला काय माहीत? नेहमीसारखे बसलो होतो. साडेपाच झाले, भोंगा चढायला लागला, मास्तरांनी खुंटीला हात घातला. भोंगा नेहमीच्या जागी आला आणि थांबेचना. वर, आणखी वर. मास्तर खुंटी पिळतायत, पिळतायत, आणि टण्णकन तार तुटली. मास्तरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. टोपी काढलेले मास्तर मी तेवढे एकदाच पाहिले.

दुसऱ्या दिवशी ते रीतसर तक्रार घेऊन कारखान्यातल्या मोठ्या साहेबाकडे गेले. हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. साहेबाने विचारलं, "भोंगा वेळेवर होतो ना?"

"वेळंवर व्हतोय सायेब, पन चढलाय."

"म्हणजे?"

"म्हंजी जुना जिथं ऱ्हायाचा तिथं ऱ्हात न्हाई."

साहेबाने चहा पाजून त्यांना परत पाठवलं. मास्तरांनी दोन दिवस तंबोऱ्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी खोक्यावर बसून म्हणाले, "गावाचा सा बदलला. आता आपन बी बदलायचं." आणि नव्या भोंग्याला तंबोरा लावला. मी हळूच पेटीवर बोट ठेवून पाहिलं. काळी चार. माझी! माझी पट्टी!

अहाहा, ते दिवस! पुरुष मंडळींची जी काही त्रेधा उडाली! खालचा सा पुटपुटल्यासारखा, वरचा लावायला गेले की मानेच्या शिरा ताठ. लेथवाल्या शिष्याने तर घसा बसल्याचं सांगून महिनाभर तोंड दाखवलं नाही. आणि आमचे हे, वरच्या सा'वर गेले की आवाज चिरायचा, जुनी चादर फाटावी तसा. मी वळून त्यांच्याकडे पाहायची नाही. पाठ करून बसायची, कारण चेहऱ्यावरचं हसू लपवता आलं नसतं. मी इकडे विहिरीतून बाहेर आले होते. आवाज असा मोकळा सुटायचा की माझं मलाच नवल वाटायचं.

गुरुपौर्णिमा जवळ आली. त्या दिवशी दुपारी मास्तरांच्या खोलीत सगळ्यांनी थोडंथोडं गायचं, अशी रीत. मी भूप घेतला. मुद्दाम. ह्यांनी न्हाणीघरात जो उष्टा करून ठेवला होता तोच. महिनाभर मी दुसरं काही केलं नाही. पोळ्या करपल्या, वह्या साठल्या. मला एवढंच हवं होतं, की ह्या वेळी तो अडकित्ता थांबावा आणि ह्यांच्या देखत थांबावा.

गायले. खोटा विनय कशाला, फार चांगलं गायले. काकू पदर डोळ्याला लावून दारात उभ्या होत्या. लेथवाला "क्या बात है" म्हणाला. बाहेर ओट्यावर रस्त्यावरची माणसं थबकली होती, असं मला नंतर कळलं. आणि समोरून पहिल्यापासून शेवटपर्यंत, जराही न चुकता, कट्, कट्, कट्.

मग मास्तर म्हणाले, "सायेब, तुमी."

हे नेहमीप्रमाणे "मला काय येतंय" म्हणाले आणि सुरू झाले. वरच्या सा'वर गेले, आवाज फाटला. सगळ्यांनी ऐकलं. हे हसले, हो, चक्क हसले, स्वतःशीच. खाली आले, आणि पुन्हा त्याच वाटेने वर निघाले, ह्या वेळी हळू, काही घाई नाही, जसं काय वर कोणी वाट बघत नाहीये.

आणि अडकित्ता थांबला.

मी उठून मागच्या मोरीवर गेले आणि नळ सोडून रडले. काकूंना सांगितलं, डोळ्यात काहीतरी गेलंय. त्या बिचाऱ्या पदराची गुंडाळी करून फुंकर मारत बसल्या.

पुढच्या खेपेला ह्यांना मी आणलंच नाही, बसने एकटी गेले, शिकवणीच्या बऱ्याच आधी. मास्तर तबक पुसत होते.

"मास्तर, परवा ह्यांचा आवाज फाटला. तुम्ही ऐकलंत ना?"

"व्हय."

"माझा कुठे फाटला? कुठे बेसूर झालं? सांगा."

"कुटंबी न्हाई. समदं बराबर व्हतं."

"मग?"

मास्तरांनी तबक खाली ठेवलं. मग अडकित्ता उचलून माझ्यासमोर धरला. "बाई, राग मानू नगा. तुमी गाता तवा तुमचा एक कान ह्याच्यावर आस्तो. म्या मुद्दाम थांबवला, तर तुमी लगी गानं सोडून हासाल. सायबाला ठावंच न्हाई माज्या हातात काय हाय ते."

"असं कसं ठाऊक नाही? इतके महिने समोर बसतात!"

"इचारा घरी."

विचारलं. ह्यांचं काम काय, तर गिअरच्या दात्यावरचा केसाएवढा ओरखडा शोधून काढायचा. त्याबद्दल कंपनीत नाव होतं. मी चहा पुढे ठेवला आणि अगदी सहज विचारलं, "काय हो, आपण गात असताना मास्तर काय करत असतात?"

"काय करणार? ऐकतात."

"हातात काय असतं त्यांच्या?"

ह्यांनी जरा आठवून पाहिलं. "हातात? जपमाळ ना?"

मी कप उचलून आत निघून गेले. कोणावर चिडावं तेच कळेना.

एवढं कळल्यावर माणूस शहाणा होतो म्हणतात, पण मी नाही झाले. न ऐकायचं ठरवलं तर जास्तच ऐकू यायचं. मान वळवून बसून पाहिलं, खिडकीबाहेरच्या चिंचेकडे बघत गाऊन पाहिलं. कट्, कट्. मला वाटतं मास्तरांनाही माझी कीव येत असावी, कारण एकदा त्यांनी अडकित्ता बाजूला ठेवून दोरा आणि सुई घेतली, एक जुनी टोपी शिवायला. तेव्हा मी सुईकडे लक्ष देऊन गायले.

मास्तर रिटायर झाले आणि चऱ्होलीला परत जायला निघाले. निरोपाला सगळे जमलो. ज्याला त्याला त्यांनी काही ना काही दिलं. लेथवाल्याला तो लाकडी खोका. आमची पाळी आली तेव्हा त्यांनी तंबोरा उचलून ह्यांच्या हातात दिला.

ह्यांच्या. ज्यांना मी आणलं होतं. ज्यांना डास चावले होते.

मग माझ्याकडे वळून त्यांनी फडक्यात गुंडाळलेला अडकित्ता माझ्या ओंजळीत ठेवला. "आता ह्यो तुमच्या हातात. तुमच्या गान्यात आता कोन कातरतंय ते बगू."

मी पाया पडले. दुसरं काय करणार? पण मनात म्हटलं, वा रे न्याय. त्यांना तंबोरा आणि मला अडकित्ता, स्वयंपाकघरात ठेवायला. घरी आल्यावर फडक्यासकट तो डाळीच्या डब्यामागे टाकून दिला.

आम्ही पुढे चिंचवडला मोठ्या जागेत आलो. मीही गाते, नाही असं नाही. शाळेच्या कार्यक्रमांत माझं नाव असतं, आणि दार लावून एकटी बसते तेव्हा कधीकधी असा सूर लागतो की वाटतं, आता मास्तर असते तर. हे असं वाटतं ना, तिथेच सूर हलतो. ते राहू दे.

रविवारी सकाळी हे बैठकीत तंबोरा घेऊन बसतात. एक दिवस मी डाळीच्या डब्यामागून ते फडकं काढलं. वाण्याकडून सुपाऱ्या आणल्या, तबक घेतलं आणि समोर जाऊन बसले. कट्, कट्, कट्. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तेव्हापासून दर रविवारी बसते. सुपारी मीही खात नाही. कातरून वाटते. आणि मी मनाशी एक पक्कं ठरवलं होतं, की ह्यांनी काहीही गाऊ दे, आभाळातून फुलं पडू देत, माझा हात थांबायचा नाही. माझ्यासाठी कोणी थांबवला होता?

कित्येक रविवार मी ते पाळलं. ह्यांना बरं वाटो, सर्दी असो, चांगलं गावोत की वाईट, मी एका लयीत कातरत राहिले.

परवाच्या रविवारी हे भूप गात होते. वय झालंय आता, आवाजात ती ताकद नाही. वरच्या सा'कडे निघाले, पोचले नाहीत, अलीकडेच राहिले. आणि जिथे राहिले तिथेच थोडा वेळ बसले, निवांत, जसं काय निघाले होते तेच मुळी इथे यायला.

काही वेळाने माझ्या लक्षात आलं की खोलीत एक आवाज कमी आहे. मी खाली पाहिलं. माझा हात तबकाच्या वर तसाच होता. पात्यांमध्ये सुपारी, अख्खी.

मी नव्हता थांबवला हो! देवाशपथ सांगते, मी नव्हता थांबवला. इतकी जळले मी त्या क्षणी, माझ्याच हातावर जळले. घाईघाईने मान वर करून ह्यांच्याकडे पाहिलं, म्हटलं आता डोळे उघडतील, बघतील, त्यांना कळेल.

त्यांचे डोळे मिटलेले होते. गाणं संपवून त्यांनी तंबोरा भिंतीला टेकवला, चष्मा चढवला आणि पेपर ओढला.

"ऐकलंत का?" मी विचारलं.

"काय?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि ती सुपारी कातरली.